चौकशी आयोगात वकिलांची बिलं कोण भरतं?

मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून कोल्हापुरात वकिलांच्या फीवर बोलणं जरा जास्तच वाढलंय. १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआरजवळच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत हायकोर्टाचं काम सुरू झालं, रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून मुंबईला तारखेला पळणारी माणसं आता घरचा चहा पिऊन हायकोर्टात जायला लागली, आणि त्याबरोबर भाऊसिंगजी रोडवरच्या चहाच्या गाड्यांवर अमक्या सरकारी केसला दिवसाला इतके लाख गेले असले आकडे पण फिरायला लागले. त्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, की सरकार स्वतःवरच चौकशी लावतं आणि मग त्याच चौकशीत स्वतःला वाचवायला वकील उभा करतं, पैसा मात्र आपला.

वाक्य अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे आणि ते कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. मी वकील नाही हे आधीच सांगतो. नोकरीत सरकारी बिलं तपासायचं काम केलंय, त्यामुळं कायद्यापेक्षा पैसा कुठल्या दारानं बाहेर जातो तिकडं माझं लक्ष आधी जातं.

पहिल्यांदा एक गोष्ट मोकळी करू. 'चौकशी' म्हणून आपण चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. एखाद्या तलाठ्यावर किंवा इंजिनिअरवर लागते ती विभागीय चौकशी, तिथं वकील सहसा चालतच नाही. महाराष्ट्रात १९७९ चे शिस्त व अपील नियम आहेत, त्यात कर्मचाऱ्याला मदतीला दुसरा कर्मचारी घेता येतो, वकील हवा असेल तर परवानगी लागते, आणि खात्याच्या बाजूनं कायदा शिकलेला माणूस बसला असेल तर कर्मचाऱ्याला वकील नाकारणं बरोबर नाही असं सुप्रीम कोर्टानं १९८२ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या नाडकर्णी केसमध्ये सांगितलंय. कोठडीत कोण मेला तर मॅजिस्ट्रेटची चौकशी होते ती वेगळी. एसआयटी म्हणजे तर सरळ पोलिस तपास. आणि चौथी, जिच्यावर पेपरात मथळे येतात ती, म्हणजे चौकशी आयोग. रिटायर्ड जज, वर्षानुवर्षं सुनावण्या, शेवटी विधानसभेत ठेवलेला जाडजूड अहवाल. आपला विषय हाच, कारण वकिलांवरचा मोठा सरकारी खर्च इथंच होतो.

आयोग नेमला जातो तो १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली. सरकारला वाटलं, किंवा विधानसभेनं ठराव केला, की सार्वजनिक महत्त्वाच्या एखाद्या ठरावीक गोष्टीची चौकशी करायची. आयोगाला दिवाणी कोर्टासारखे काही अधिकार मिळतात, समन्स काढणं, शपथेवर साक्ष घेणं, कागद मागवणं. पण आयोग कुणाला शिक्षा करत नाही, कुणाला दंड किंवा नुकसानभरपाई लावत नाही, तो फक्त काय झालं ते सांगतो आणि शिफारशी करतो. सुप्रीम कोर्टानं १९५८ मध्ये रामकृष्ण दालमिया केसमध्ये हे स्वच्छ करून टाकलंय. अहवाल मिळाल्यावर सहा महिन्यांच्या आत तो कार्यवाहीच्या टिपणीसकट सभागृहात ठेवायचा असं कायद्यातच लिहिलंय, आता ते किती पाळलं जातं हा वेगळा विषय, त्यात शिरलो तर आजचा लेख संपायचा नाही.

मग कुणी म्हणेल, शिक्षाच होणार नाही तर वकील कशाला? आयोगासमोर तुम्ही जे बोलता ते पुढं तुमच्याविरुद्ध फौजदारी किंवा दिवाणी केसमध्ये वापरता येत नाही, खोटी साक्ष दिली तेवढी सोडून, हे पण कलम ६ मध्ये आहे. तरी वकील लागतोच, कारण आयोगाच्या अहवालात एक ओळ आली की 'अमुक अधिकाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे हे घडले' की त्या माणसाचं करिअर, अब्रू, गावातलं तोंड दाखवणं, सगळं एका ओळीत जातं. आणि तुमची साक्ष वापरता येत नसली तरी त्याच घटनेवर पोलिस पुरावे स्वतंत्र गोळा करून गुन्हा नोंदवू शकतातच. म्हणून १९७१ च्या दुरुस्तीत दोन कलमं घातली गेली, ८बी आणि ८सी. वकील लोक नुसतं 'एट बीची नोटीस आली' असं म्हणतात. एट बी सांगतं की ज्याच्या वागण्याची चौकशी करायची गरज पडेल, किंवा ज्याच्या नावाला धक्का लागेल असं आयोगाला वाटतंय, त्याला म्हणणं मांडायची आणि बचावाचा पुरावा द्यायची संधी द्यायलाच पाहिजे. किरण बेदी दिल्लीत पोलिस अधिकारी असताना वकिलांवरच्या लाठीमाराच्या चौकशीतून जो वाद सुप्रीम कोर्टात गेला, त्यात १९८९ मध्ये कोर्टानं नेमकं हेच धरलं, की माणसाची अब्रू पणाला लागली असेल तर त्याला साध्या साक्षीदारासारखं वागवून चालत नाही.

आणि एट सी सांगतं की वकील कोण लावू शकतो. सरकार लावू शकतं. एट बीमधली माणसं लावू शकतात. आणि आयोगानं परवानगी दिली तर बाकी साक्ष देणारे पण. वकिलामार्फत समोरच्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची, शेवटी युक्तिवाद करायचा.

आता इथं थांबा आणि बघा कलमात काय नाही. फी कोण देणार, एक शब्द नाही. हक्क दिलाय, पैसा दिलेला नाही. पुढचा सगळा घोळ या एका रिकाम्या जागेतून येतो.

हे कळायला एक कल्पित घटना घेऊ, खरं गाव नको. समजा आपल्या जिल्ह्यात एखाद्या डोंगरावरच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. असं होतच नाही असं म्हणू नका, २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीला काळुबाईच्या यात्रेत जवळजवळ ३०० माणसं गेली, त्यावर न्यायमूर्ती राजन कोचर यांचा आयोग नेमला होता, आणि आपल्याकडच्या गावागावातून तिथं बैलगाड्या, ट्रॅक्टर, टेम्पो जातात. तर समजा तसला आयोग बसला. सुनावणी कोल्हापुरात, एखाद्या सरकारी हॉलमध्ये. कोण कोण वकील घेऊन येईल?

एक, आयोगाचा स्वतःचा वकील, जो कुणाच्या बाजूचा नाही, साक्षीदार मांडतो, प्रश्न विचारतो. त्याची फी सरकार देणार. दोन, राज्य सरकार, म्हणजे महसूल आणि गृह खातं. सरकारी वकील असतात, पण प्रकरण मोठं असेल तर 'विशेष समुपदेशी', म्हणजे त्या प्रकरणापुरता खास वकील, नेमायचा शासन निर्णय निघतो, त्यात दर सुनावणीला इतके, कॉन्फरन्सला इतके, मसुदा तपासायला इतके असं लिहिलेलं असतं. फी सरकारची. तीन, पोलिस. बऱ्याचदा पोलिस म्हणतात आमचं म्हणणं महसूलपेक्षा वेगळं आहे, कारण महसूलवाले म्हणणार बंदोबस्त कमी होता आणि पोलिस म्हणणार रस्त्यावर दुकानांना परवानगी कुणी दिली. मग पोलिसांना वेगळा वकील, फी परत सरकारचीच. चार, वीज कंपनी, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की वायर तुटून शॉक बसतोय म्हणून लोक पळाले. ती कंपनी पण सरकारी मालकीची, तिच्या वकिलाचा खर्च कंपनीच्या खात्यात आणि शेवटी कुठंतरी आपल्याच वीजबिलात. पाच, देवस्थान ट्रस्ट. हा पैसा सरकारचा नाही, भाविकांनी दानपेटीत टाकलेला आहे, त्याच्यावर धर्मादाय आयुक्तांची नजर असते, पण विश्वस्तांना स्वतःच्या खिशातून काढावा लागत नाही एवढं नक्की. सहा, ग्रामपंचायत, हिच्याकडं खरं तर दिवाबत्तीलाच पैसे नसतात, ती जिल्हा परिषदेकडं बघत बसते.

आणि सात, ज्यांची माणसं गेली ते. शिरोळ तालुक्यातली एखादी बाई, नवरा गेलाय, दोन पोरं शाळेत. तिला आयोगाचं समन्स येतं, ती येते, साक्ष देते. तिला पाच-सहा वकील उलटे सुलटे प्रश्न विचारू शकतात, तुम्ही दारू प्यायलेल्या माणसाच्या मागं होता का, पोलिसांनी थांबा म्हटलं तरी तुम्ही पुढं गेला का, वगैरे. तिच्या बाजूनं उलटतपासणी घ्यायला कोण? कुणी नाही, किंवा एखादा गावातला ओळखीचा वकील जो दोन तारखा फुकट येतो आणि तिसऱ्या तारखेला त्याला पण स्वतःचं पोट असतं.

एक गंमत बघा, गंमत कसली म्हणा. या कायद्याखाली नियम करायचा जो अधिकार आहे, त्यात आयोगानं बोलावलेल्या साक्षीदाराला प्रवास आणि इतर खर्च द्यायची सोय आहे. म्हणजे त्या बाईला शिरोळहून कोल्हापूरला यायचं एसटीचं भाडं मिळू शकतं. वकिलाची फी नाही. तिला तिथंपर्यंत आणायचं बघितलंय, आणल्यावर तिनं काय करायचं ते बघितलेलं नाही.

म्हणून मी म्हणलं वाक्य अर्धं खरं. सरकार आपल्या पैशातून वकील लावतं यात मला तेवढं गैर वाटत नाही. लावलाच पाहिजे असं मी म्हणेन, कारण सरकारनं वकील नाही लावला तर दहा हजार पानांचे कागद आयोगासमोर नीट मांडणार कोण, आणि आयोगानं चुकीच्या माहितीवर निष्कर्ष काढला तर पुढच्या यात्रेला परत तेच होणार. बंदोबस्तावरच्या साध्या हवालदाराला पण बचाव करायचा हक्क आहे, तो बळीचा बकरा बनवला जातोय का हे बघायला कुणीतरी पाहिजेच, कारण वरचे साहेब सुटायचे आणि खालचा अडकायचा हे आपल्याला नवीन नाही. तेव्हा भांडायचं असेल तर 'वकिलावर खर्च का केला' यावर नको. तिजोरीचं दार एकाच बाजूला का उघडतं, यावर भांडा.

त्या हवालदाराचंच घेऊ, कारण इथं अजून एक गुंता आहे. सरकारी नोकरावर कामाच्या संदर्भात कुणी केस केली तर खर्च सरकार उचलतं का? केंद्राच्या नोकरांसाठी ८ जानेवारी १९५९ चं गृह मंत्रालयाचं जुनं परिपत्रक आहे, आणि त्याचा सांगाडा साधारण असा, की खाजगी माणसानं तुमच्यावर कामाबद्दल केस केली आणि तुमचा बचाव करणं सार्वजनिक हिताचं आहे असं सरकारला वाटलं तर सरकार बचाव चालवतं, तुम्ही स्वतः चालवला आणि निकाल तुमच्या बाजूनं लागला तर योग्य तेवढा खर्च परत मिळू शकतो. पण कामासंदर्भातली कारवाई सरकारनंच तुमच्यावर केली असेल तर मदत नाही. घटनेत तर कलम ३२० मध्ये लिहिलंय की असा खर्च सरकारी निधीतून मिळावा असा नोकराचा दावा असेल तर लोकसेवा आयोगाचा सल्ला घ्यायचा. घटना लिहिणाऱ्यांनी एवढ्या बारीक गोष्टीचा विचार केला होता, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा नवल वाटलं होतं.

पण हे सगळे नियम कोर्टातल्या केसची भाषा बोलतात. चौकशी आयोग ही केस नव्हे, तिथं वादी नाही, आरोपी नाही, निकाल 'बाजूनं लागणं' हा प्रकारच नाही. मग एट बीची नोटीस आलेल्या अधिकाऱ्याचा वकील म्हणजे खात्याचा वकील का त्याचा स्वतःचा? व्यवहारात काय होतं तर खात्याचं आणि साहेबांचं म्हणणं एकच असेल तोपर्यंत खात्याचा वकील दोघांचं बघतो. ज्या दिवशी खातं म्हणतं की चूक या माणसाची वैयक्तिक होती, त्या दिवशी तो माणूस रस्त्यावर. मोठ्या साहेबाला परवडतं, हवालदाराला नाही. मंत्र्याचं पण तसंच, मंत्री म्हणून घेतलेल्या निर्णयाचा बचाव सरकारी वकिलानं केला तर समजू शकतो, पण आरोप वैयक्तिक वागण्यावर असेल तर फी त्यांच्या खिशातून जायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि नेमणुकीच्या शासन निर्णयात तो वकील नक्की कुणासाठी उभा राहणार ते नावानिशी लिहिलेलं पाहिजे.

आता पैसा. लोक दरावर चिडतात, मी दिवसांवर चिडतो.

दर मोठे असतात यात वाद नाही. आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे सीमावादाचं. १९६६ ला महाजन आयोग नेमला, १९६७ ला अहवाल आला, महाराष्ट्राला तो मान्य नव्हता, पुढं २००४ मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. त्या दाव्यासाठी कर्नाटक सरकारनं जानेवारी २०२३ मध्ये वकिलांच्या टीमची फी ठरवणारा आदेश काढला, त्यात सगळ्या टीमचे मिळून दिवसाला ५९ लाख ९० हजार, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या वकिलाचे एकट्याचे सुप्रीम कोर्टात उभं राहायचे दिवसाला २२ लाख. निपाणीतल्या माणसानं हा आकडा वाचून काय म्हणलं असेल ते इथं लिहिता येणार नाही. हा चौकशी आयोग नाही, कोर्टातला दावा आहे, हे लक्षात ठेवा, पण वरच्या पातळीवर दर कुठं पोचलेत ते कळतं.

आयोगासमोर दर सहसा एवढे नसतात. पण आयोग संपत नाही. अयोध्येच्या लिबरहान आयोगाला १९९२ च्या डिसेंबरमध्ये तीन महिन्यांची मुदत दिली होती, ४८ वेळा मुदत वाढली, अहवाल आला २००९ च्या जूनमध्ये, सगळा खर्च ८ कोटींच्या आसपास. मुंबई दंगलीवरचा श्रीकृष्ण आयोग १९९३ ला नेमला, जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारनं गुंडाळला, त्याच वर्षी मे महिन्यात परत चालू केला, अहवाल फेब्रुवारी १९९८ ला. कोरेगाव भीमाचा आयोग फेब्रुवारी २०१८ ला चार महिन्यांच्या बोलीवर नेमला, त्याला पण मुदतवाढी मिळत गेल्या आणि चार महिन्यांची वर्षं झाली. प्रत्येक मुदतवाढीचा शासन निर्णय निघतो, आणि तो निघाला की नुसता आयोगाचा कारकून, गाडी आणि भाडं चालू राहत नाही, सगळ्या बाजूंचे सगळे वकील पण चालू राहतात. सिग्नलला रिक्षा उभी असली तरी वेटिंगचा मीटर पडतो, तसा हा प्रकार.

आपल्या कल्पित यात्रेचा हिशोब करू, आकडे सगळे समजण्यापुरते. समजा पाच वकिलांची फी वेगवेगळ्या सरकारी खिशांतून जाते, सरासरी प्रत्येकाला सुनावणीच्या दिवसाला २५ हजार. म्हणजे दिवसाला सव्वा लाख. ४० दिवसांत काम संपलं तर ५० लाख. दर दुप्पट केला, चांगले वकील घेतले आणि ४० दिवसांतच संपवलं तर १ कोटी. आणि दर तोच २५ हजार ठेवून सुनावण्या २०० दिवस चालल्या तर अडीच कोटी. पेपरात बातमी कशाची येणार? दर दुप्पट केल्याची. अडीच कोटी मात्र गुपचूप जातात, कारण ते तुकड्या तुकड्यांनी जातात, आणि बिलं तपासणाऱ्याच्या टेबलावर पण प्रत्येक तुकडा एकदम नियमातच बसलेला असतो.

त्यातले सगळे दिवस कामाचे पण नसतात. साक्षीदार आला नाही, कागद आले नाहीत, एका बाजूनं तारीख मागितली, संपला दिवस. काही फीच्या अटींत 'इफेक्टिव्ह' आणि 'नॉन-इफेक्टिव्ह' सुनावणी असा फरक असतो, म्हणजे काम झालं तर पूर्ण फी, नुसतीच तारीख पडली तर कमी. हा फरक ज्या शासन निर्णयात नाही तो बघितला की माझे कान टवकारतात. आणि न येणाऱ्या साक्षीदाराला काय होतं? माजी पोलिस आयुक्त परमबीर सिंग यांनी केलेल्या आरोपांवर २०२१ मध्ये न्यायमूर्ती चांदीवाल आयोग नेमला होता, तिथं हजर न राहिल्याबद्दल त्यांनाच आधी ५ हजार आणि पुढं २५ हजार असा दंड लावला होता. ५ हजारात एका बाजूच्या वकिलाची एक सुनावणी तरी निघत असेल का, तुम्हीच बघा. तारीख वाया घालवणाऱ्याकडून त्या दिवसाचा खरा खर्च वसूल करायची पद्धत आपल्याकडं बसलेलीच नाही.

बाहेर काय करतात? इंग्लंडचं उदाहरण देतो, आणि फुटबॉलचं आहे म्हणून कोल्हापूरकरांना पटकन कळेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असताना गॅलरीत काय गर्दी असते ती डोळ्यासमोर आणा. शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये १५ एप्रिल १९८९ ला गर्दीत चेंगरून लिव्हरपूलच्या समर्थकांचे जीव गेले, शेवटी आकडा ९७ झाला. मृत्यूंची जी पहिली कोरोनरची, म्हणजे मृत्यू कसा झाला ते शोधणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी झाली तिथं पोलिसांचे वकील सार्वजनिक पैशावर होते आणि मेलेल्यांच्या घरच्यांनी वर्गणी काढून मिळून एक बॅरिस्टर केला होता. गणपतीला काढतो तशी वर्गणी. ती चौकशी पुढं रद्द झाली, नवीन झाली, तिच्यात घरच्यांच्या वकिलांना सरकारी पैसा मिळाला, आणि २०१६ मध्ये ज्युरीनं सांगितलं की हे मृत्यू बेकायदेशीररीत्या घडवलेले होते, समर्थकांची चूक नव्हती. वकील मिळाला म्हणूनच निकाल बदलला असं म्हणणं जरा भोळं होईल, मध्ये नवीन कागदपत्रं पण बाहेर आली होती, पण ती कागदपत्रं घेऊन पोलिस अधिकाऱ्यांना उलटे प्रश्न विचारायला घरच्यांच्या बाजूनं कुणीतरी उभं होतं हे तर खरं.

त्यांच्याकडं २००५ चा चौकशी कायदा आहे आणि त्याच्या कलम ४० मध्ये चौकशीच्या अध्यक्षाला अधिकार दिलाय, की साक्ष देणारा किंवा या प्रकरणात ज्याचा खास संबंध आहे असा माणूस, याला वकिलाचा वाजवी खर्च मंजूर करायचा. मंत्री त्याला अटी घालू शकतात. अध्यक्षानं चौकशी चालवताना विनाकारण खर्च टाळायचा हे पण त्याच कायद्यात लिहिलंय. म्हणजे आपल्याकडं जी जागा रिकामी आहे ती त्यांनी भरलीय.

फक्त तिकडं सगळं छान आहे असं समजू नका. उत्तर आयर्लंडमध्ये डेरीला १९७२ मध्ये सैनिकांनी मोर्चावर गोळीबार केला, त्यावरची सॅव्हिल चौकशी १९९८ ला सुरू झाली आणि २०१० ला अहवाल आला, खर्च १९ कोटी पौंडांच्या वर, त्यातला निम्म्याच्या आसपास वकिलांवर. सगळ्यांना वकील द्या, मर्यादा घालू नका, असं केलं की हे होतं. तेव्हा पीडितांना वकील द्या म्हणताना एकाच प्रकारच्या लोकांनी मिळून एक वकील, दराला वरची मर्यादा आणि दिवसांचं आधीच ठरवलेलं वेळापत्रक, हे बरोबर मागायला पाहिजे, नाहीतर उद्या त्याच नावाखाली नवीन दुकानं उघडतील.

मग आज, आत्ता, शिरोळच्या त्या बाईनं काय करायचं? मोफत कायदेशीर मदतीचा १९८७ चा कायदा आहे. त्यात महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, मोठ्या आपत्तीत किंवा पुरात सापडलेले लोक, यांना मदत मिळू शकते, महिलांना तर उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची उत्पन्न मर्यादा आहे. आपल्याकडं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कसबा बावड्याच्या न्याय संकुलात आहे, हेल्पलाइन १५१००. अडचण एवढीच, की त्या कायद्यात 'कोर्ट' म्हणजे न्यायिक किंवा अर्धन्यायिक काम करणाऱ्या संस्था असं धरलंय, आणि चौकशी आयोग तर फक्त शिफारस करतो, मग तो यात बसतो का यावर एखादा अधिकारी फाटे फोडू शकतो. माझा सल्ला असा, की अर्ज दोन्हीकडं टाका. प्राधिकरणाकडं पण, आणि आयोगाच्या सचिवाकडं पण, की मला एट सीखाली वकिलामार्फत उलटतपासणीची परवानगी द्या आणि वकिलाची सोय करायची शिफारस सरकारला करा. आयोगानं एकदा लेखी शिफारस केली की मंत्रालयातल्या माणसाला 'नियमात नाही' एवढं म्हणून फाईल परत पाठवणं जड जातं. एकट्यानं नको, चाळीस घरांनी मिळून एक अर्ज करा.

आणि आपण बाकीच्यांनी हिशोब कसा बघायचा? बजेटच्या पुस्तकात २०७० नंबरचं लेखाशीर्ष असतं, इतर प्रशासकीय सेवा, त्यात १०५ हे चौकशी आयोगांचं. आयोगाचा स्वतःचा खर्च तिथं. सरकारच्या वकिलांचा खर्च मात्र बऱ्याचदा २०१४ खाली, न्यायदान, त्यातल्या ११४ मध्ये विधी सल्लागार आणि समुपदेशी. खात्यानं स्वतः वकील केला तर त्या खात्याच्या 'व्यावसायिक सेवा' मध्ये. महामंडळ, वीज कंपनी, महापालिका यांचं तर राज्याच्या बजेटात दिसणारच नाही, ते त्यांच्या त्यांच्या हिशोबात. म्हणजे एकाच घटनेच्या एकाच चौकशीचा वकिलांवरचा एकूण सरकारी खर्च कुठल्याच एका पानावर छापलेला नसतो. पैसे कमी पडले की अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, त्यात पण एक ओळ असते, त्या वाचायला आमदारांना वेळ नसतो तर आपल्याला कुठला.

त्यामुळं माहिती अधिकार. १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एका अर्जात एकच विषय, म्हणून तीन अर्ज करा, तीन ठिकाणी: ज्या खात्यानं आयोग नेमला तिथं, विधी व न्याय विभागाकडं, आणि संबंधित महामंडळ किंवा महापालिकेकडं. वकिलानं काय सल्ला दिला ते मागू नका, ते गोपनीय म्हणून हमखास नाकारतात. नेमणुकीच्या शासन निर्णयाची प्रत, कुणासाठी नेमणूक, दर सुनावणीचा दर, सुनावण्यांच्या तारखा, त्यातल्या किती तारखांना काम झालं आणि आजपर्यंत दिलेली रक्कम, एवढंच मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं, किंवा 'माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही' असं आलं, तर पहिलं अपील ३० दिवसांच्या आत, त्याला २० रुपयांचा स्टँप, आणि त्यानंतरचं दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं. 'एकत्रित नाही' म्हणाले तर अपिलात एकत्रित मागूच नका, सुटी सुटी बिलं बघायला फाईल तपासणीची तारीख मागा, कायद्यात तो हक्क आहे, पहिला तास फुकट असतो, आणि येताना मोबाईल चार्ज करून न्या.